मदत हवी आहे: भुसावळ, उन्हाळी सुट्टी, मुलगी ९ आणि मुलगा ४, महिन्याला हजार-बाराशेत काय जमेल?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही भुसावळला राहतो. मुलगी चौथीत जाईल, मुलगा चार वर्षांचा आहे. सुट्टीतल्या शिबिरांची फी आमच्या आवाक्यात नाही. महिन्याला हजार, फार तर बाराशे रुपये मुलांच्या नावाने बाजूला काढता येतात. गाडी नाही. मिस्टरांची ड्युटी शिफ्टची, त्यामुळे त्यांची सुट्टी कधी कुठल्या वारी येईल ते आधी कळत नाही. घरी सासूबाई आहेत, वय ७६, चालत्या-फिरत्या आहेत.

विचारायचं ते असं:
– मुलीला वाचायला पुस्तकं कमी खर्चात कुठून मिळतील?
– सकाळी जाऊन त्याच दिवशी परत येता येईल अशा सहली कुठल्या?
– सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बाहेर पडता येत नाही. त्या वेळेत मोबाईल सोडून मुलांना काय द्यावं?
– धाकट्यासाठी काही सरकारी सोय आहे का?

---

मेमूवाला

ताई, आधी प्रवासाचं गणित मांडून घ्या, म्हणजे बाकीचं ठरवायला सोपं जाईल.

रेल्वे: साध्या गाडीचं (पॅसेंजर, मेमू) किमान भाडं १० रुपये, एक्सप्रेसच्या जनरलचं ३०. पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बाराचं अर्धं. भुसावळ-जळगाव २४ किलोमीटर. दोन मोठे आणि मुलगी मिळून साध्या गाडीने जायचे २५, यायचे २५. म्हणजे पन्नासात चौघांची जळगाववारी होते.

लोक चुकतात ते तिकिटाच्या प्रकारात. साध्या गाडीचं तिकीट काढतात आणि समोर एक्सप्रेस लागली की तीच पकडतात. तपासणीत भाड्याचा फरक आणि माणशी किमान २५० रुपये दंड लागतो, महिन्याचं बजेट तिथेच संपतं. मोबाईलवर तिकीट काढलं तरी गाडीचा प्रकार नीट वाचून निवडा. १९९ किलोमीटरपर्यंतच्या जनरल तिकिटावर तीन तासांच्या आत प्रवास सुरू करावा लागतो, म्हणून आदल्या रात्री काढून ठेवू नका.

एसटी: बाईमाणसाला अर्धं तिकीट (१७ मार्च २०२३ पासून), पाच ते बाराच्या मुलांना अर्धं, पाचच्या आत फुकट. तुमच्या मुलीला मूल म्हणून अर्धं आणि मुलगी म्हणून पुन्हा अर्धं असं होत नाही, एकदाच अर्धं. सासूबाई ७५ च्या पुढच्या, त्यांना पूर्ण मोफत. मूळ आधार कार्ड मात्र जवळ हवं, वाहक ते बघायला मागतात. म्हणजे मिस्टर, तुम्ही, दोन्ही मुलं आणि सासूबाई अशा पाच जणांची मिळून दोन पूर्ण तिकिटं. मिस्टर ड्युटीवर असतील तर चौघांचं मिळून एकच. साध्या बसचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात, टप्प्याला साधारण दहा रुपये धरा. तीस किलोमीटर म्हणजे पाच टप्पे, पन्नासच्या आसपास.

एक लक्षात ठेवा, ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे. बऱ्हाणपूर किंवा सुरतच्या गाडीत हद्दीपुढचं भाडं पूर्ण पडतं.

---

ग्रंथसखी

पुस्तकांबद्दल सांगते.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं आहेत, अ, ब, क, ड वर्गांची. ती वेगवेगळ्या संस्था चालवतात, पण त्यांना सरकारी अनुदान मिळतं. वर्तमानपत्रं आणि मासिकं बसून वाचायला तिथे सहसा पैसे पडत नाहीत. पुस्तक घरी न्यायचं असेल तर अनामत आणि मासिक वर्गणी. अनामत परत मिळते, पण पावती दाखवल्यावरच, म्हणून पावतीचा फोटो काढून ठेवा. घराजवळ कुठलं मान्यताप्राप्त वाचनालय आहे ते माहीत नसेल तर जळगावच्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात तालुक्याची यादी मिळते.

सभासद होण्याआधी तीन गोष्टी विचारा. बालविभाग वेगळा आहे का? मोठ्यांच्या एका कार्डावर मुलांचं पुस्तक मिळतं का? आणि वेळ काय? बहुतेक वाचनालयं सकाळी आणि संध्याकाळी अशी दोन सत्रांत उघडतात, भर दुपारी बंद. कार्ड मुलीच्या नावाने वेगळं काढायची घाई करू नका. एका कार्डावर आठवड्याला दोनदा बदल केला तरी नऊ वर्षांच्या मुलीला पुरतं.

घरी फोन आहे म्हणून आणखी दोन ठिकाणं. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रकथा मोफत वाचता येतात, त्यांना पातळ्या दिलेल्या आहेत. धाकट्यासाठी पहिली पातळी घ्या, पानावर एखाद-दोन वाक्यंच असतात. मुलगी त्याला वाचून दाखवेल आणि तिचं मोठ्याने वाचन आपोआप होईल. झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढू नका, रंगीत पानांत पैसे फार जातात.

---

रावेरचा सोपट

दुपारच्या वेळेसाठी आपल्या भागात जवळजवळ फुकट मिळणारी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही याचं वाईट वाटतं. केळीचं खोड. घड कापला की शेतकरी खोड तोडून बांधावर टाकतो. रावेर, यावल, भुसावळ, कुठल्याही बागायतदाराला विचारा, नाही म्हणणार नाही. त्यातून धागा काढणं नऊ वर्षांच्या मुलीला नक्की जमतं.

खोड घड कापल्यापासून दोन दिवसांच्या आतलं घ्या. वाळलेल्या खोडातून धागा सुटत नाही, तुटतो. साधारण दीड-दोन फुटांचा तुकडा मोठ्या माणसाने कोयत्याने तोडून द्यायचा. बाहेरची तपकिरी, फाटकी सोपटं (खोडाचे थर) टाकून द्या. आतला पांढरा गाभाही धाग्याच्या कामाचा नाही, त्याची भाजी करा. मधली पाच-सहा सोपटं हवीत. त्यांच्या दोन बोटं रुंदीच्या उभ्या पट्ट्या फाडा, हाताने फाटतात.

पट्टी पाटावर ठेवा, आतली गुळगुळीत बाजू वर. एक टोक डाव्या हाताने, नाहीतर पायाच्या अंगठ्याखाली घट्ट धरा. स्टीलच्या पट्टीच्या किंवा जुन्या उलथण्याच्या बोथट कडेने मधून टोकाकडे दाबून ओढत जा. पाणी आणि गर निघून येतो, खाली धागे राहतात. अर्धी पट्टी झाली की टोक बदलून उरलेली अर्धी. हत्यार आडवं, कलतं धरायचं. उभं धरलं की धागा कापला जातो. सुरी तर मुलीच्या हातात द्यायचीच नाही, इजा होते आणि धागाही तुटतो.

निघालेले धागे लगेच दोन पाण्यांतून धुवा आणि सावलीत दोरीवर टाका. आपल्याकडच्या हवेत दोन-तीन तासांत वाळतात. न धुता रात्रभर ठेवले तर काळपट पडतात आणि वास मारतात. खोडात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे दोन फुटांच्या तुकड्यातून मूठभर धागाच मिळेल. हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर हिरमोड होतो.

दोरी अशी वळायची: धाग्यांचे दोन सारखे पुंजके घ्या. दोन्हींना वेगवेगळा उजवीकडे पीळ द्या, मग दोघांना मिळून डावीकडे गुंडाळा. उलट-सुलट पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दोरी उलगडत नाही. एकाच दिशेने पिळलं तर हात सोडताच सगळं सुटतं. पुंजका पातळ झाला की नवे धागे जोडा, पण दोन्ही पुंजक्यांत एकाच जागी जोड नको, तिथे दोरी कमजोर होते. दोरीतून राखी, वेणीची फुलं, पाण्याच्या माठाखालची चुंबळ असं बरंच होतं.

केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. जुने कपडे घाला आणि फरशीवर गोणपाट अंथरा. धाकट्याला पट्ट्या फाडायला आणि धागे धुवायला बसवा, त्याच्या वयाला तेच आवडतं.

---

सेविका_यावल

चार वर्षांच्या बाळाचं नाव अंगणवाडीत आहे का? नसेल तर उद्याच घाला. पुष्कळ जणांना वाटतं अंगणवाडी पिवळ्या कार्डवाल्यांसाठीच आहे. तसं नाही. शिधापत्रिकेचा रंग बघत नाहीत, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहाच्या मुलांना तिथेच गरम ताजा आहार आणि पूर्वशालेय शिक्षण. वजन-उंचीही मोजतात. तुम्ही राहता त्या भागाची अंगणवाडी शोधा, मूळ गावची नको. बाळाचा आणि आईचा आधार क्रमांक सोबत न्या. मे महिन्यात काही दिवस सुट्टी असते, त्या दिवसांत आहार कसा मिळणार ते सेविकेला आधीच विचारून ठेवा.

मुलीचं: शाळेचा पोषण आहार सुट्टीत बंद असतो, पण तालुका दुष्काळी जाहीर झाला असेल तर सुट्टीतही देतात. मुख्याध्यापकांना विचारायला संकोच करू नका.

आणि एक पुढचं काम. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी धाकट्याचा विचार असेल तर कागद आताच जमवा. अर्जाच्या दिवसांत दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात गर्दी होते आणि उत्पन्नाच्या दाखल्यावाचून पालक अडकतात. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी असाल तर उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागतो. पालकाचा दाखलाही चालतो.

---

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. अंगणवाडीचं खरंच माहीत नव्हतं, आम्हाला ती कार्डवाल्यांचीच वाटायची. आता सहलीबद्दल: या उन्हात लहान्याला घेऊन कुठे जावं? चाळीसगाव-पाटणादेवी एका दिवसात जमेल का?

---

गौताळा_पायवाट

ताई, पाटणादेवी आता नको. चाळीसगावहून पुढे अठरा-वीस किलोमीटर आहे, बस मोजक्या, आणि जंगल यावेळी कोरडं. पहिले दोन-तीन पाऊस पडून गेल्यावर जा, तेव्हा धबधबे सुरू होतात. मुलीला सांगायला तिथे फार मोलाची गोष्ट आहे. गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तसा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख तिथल्याच पाटणे गावात सापडला. अभयारण्य आहे, त्यामुळे दुपारची परतीची बस ठरवूनच निघायचं, शेवटच्या बसवर विसंबायचं नाही.

सातपुड्यातल्या मनुदेवीचंही तसंच. पावसात सुंदर, पण नाल्याला अचानक पाणी येतं. मुलांना पात्रात उतरू देऊ नका.

उन्हाळ्यात छपराखालच्या जागा धरा:

जळगाव. शिरसोली रस्त्यावर जैन हिल्सला गांधी तीर्थ आहे. आत दोन-अडीच तास जातात आणि गारवा असतो. मुलीला आवडेल, लहान्याला तासाभरात कंटाळा येईल, म्हणून मोठी दोघं सोबत असतील त्या दिवशीच जा. वेळ आणि प्रवेशशुल्क आधी फोन करून विचारा. पैसे जातात ते रिक्षात. स्टेशनवरून जायचं आणि यायचं दोन्ही भाडं मिळून ठरवा, तिकडून परत रिकामी रिक्षा सहज मिळत नाही. जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंचं घर स्मारक म्हणून जपलंय, त्यांच्या वापरातल्या वस्तू बघायला मिळतात. त्यांच्या दोन-चार ओव्या मुलीकडून आधी म्हणून घ्या, मग तिथलं जातं तिला कळेल. संध्याकाळी भाऊंचे उद्यान किंवा मेहरूणचा तलाव, आणि शेवटच्या साध्या गाडीने घरी.

चाळीसगाव. कलामहर्षी केकी मूस यांचं घर आता कलादालन आहे, स्टेशनपासून चालत. त्यांची टेबलटॉप छायाचित्रं म्हणजे टेबलावर वाळू, कापूस, काड्या मांडून उभं केलेलं आख्खं दृश्य. मुलीला घरी हेच करायला द्या: ताटात रवा किंवा पीठ, वर काड्या, बाजूने टॉर्च, फोनवर फोटो. रिकामी दुपार चांगली जाते. निघण्याआधी दालन उघडं आहे का ते विचारा.

अमळनेर. सुरत लाईनच्या गाडीने. साने गुरुजी ज्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे ते बघा. मंगळग्रह मंदिरात मंगळवारी तुफान गर्दी असते, दुसरा वार निवडा.

चांगदेव. तापी-पूर्णेच्या संगमावरचं जुनं दगडी मंदिर, मुक्ताईनगरच्या बाजूला. तिकीट नाही. सकाळी सातला पोहोचून दहाला परत फिरा. संगमावर गाळ आहे, वरून कोरडा दिसतो पण पाय आत जातो. मुलांचा हात सोडू नका.

---

दवाखाना_वरणगाव

उन्हाबद्दल एवढं पाळा. निघण्याआधी घरीच जलसंजीवनी करून न्या: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून चव घेऊन बघा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या. लहान्याला तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाजा. चार-पाच तास लघवी झाली नाही, मूल मलूल पडलं किंवा अंग तापलेलं आणि कोरडं लागलं, तर सहल सोडून जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत.

डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. दह्यात कालवलेलं, बटाट्याची ओली भाजी आणि रात्रीचं भरीत दुपारपर्यंत आंबतं. सासूबाई सोबत असतील तर त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ सांभाळा आणि स्टेशनवर जिना चढायचा फलाट टाळता येतो का ते आधी बघा.

---

ग्रंथसखी

तापीकाठ ताई, अजून एक राहिलं. वाचनालयाची वर्गणी एक तारखेच्या आसपास भरा. काही ठिकाणी महिना कॅलेंडरप्रमाणे धरतात, वीस तारखेला भरली तरी पूर्ण महिन्याचे पैसे जातात.