अँथेस्टेरिया आणि आयोनियन

अँथेस्टेरिया हा प्राचीन ग्रीसमधला सण अथेन्सने मागाहून सुरू केला आणि तो नुसता वाइन पिऊन मौज करण्याचा होता, हे म्हणणं पटलं नाही. नाव 'आन्थोस' म्हणजे फुलावरून आलं असावं, तिथवर ठीक. पण प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस त्याला वाइनचा देव डायोनिसस याचा अधिक जुना उत्सव म्हणतो आणि अथेन्सच्या वंशाचे आयोनियन (ग्रीकांचीच एक शाखा) देखील तो पाळतात, अशी पुस्ती जोडतो. म्हणजे सणाचं मूळ बहुधा आयोनियन लोक आशिया मायनरकडे स्थलांतरित झाले त्याच्याही आधीचं.

आणि नुसती मौजमजा कुठली! दुसऱ्या दिवशी, 'खोएस'ला, प्रत्येकाने आपापल्या चंबूतून मुकाट्याने प्यायचं. कारण काय, तर पुराणकथेत आईचा खून करून अथेन्सला आलेल्या ओरेस्टीसचा विटाळ नको. लहान मुलांचेही छोटे चंबू असत, त्यांवर रांगणारी गुटगुटीत बाळं आणि खेळण्यातले गाडे रंगवलेले. तिसऱ्या दिवशी तर पाताळातल्या हर्मीससाठी, म्हणजे मृतांना वाट दाखवणाऱ्या देवासाठी, मिसळलेलं धान्य शिजवायचे.