४९ एचपीवर थांबायचं की ५५ चा फिल्टरवाला ट्रॅक्टर घ्यायचा? (वापरणाऱ्यांनीच सांगा, शोरूमवाल्यांनी नको)

उचगावचा_शेतकरी
राम राम मंडळी. घरचा ४० चा ट्रॅक्टर अठरा वर्षं वापरला, आता हायड्रोलिक पण थकलंय आणि धाकटा भाऊ म्हणतोय की यंदा नवीन आणूयाच. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला तेव्हापासून त्याच्या अंगात वारंच शिरलंय. आमचं काम म्हणजे पाच एकर ऊस, अडीच एकर रताळी आणि हंगामात कारखान्याला डबल ट्रॉली. आता घोळ असा आहे की शोरूमवाला ५५ चा गळ्यात मारायला बघतोय, त्याला सीआरडीआय इंजिन (डिझेल कॉम्प्युटर सोडतो ते) आणि सायलेन्सरच्या जागी धुरातली काजळी धरणारा तो डीपीएफ फिल्टर. ४९ चा घेतला तर जुना साधा पंप, कसली भानगड नाही, वर दीड लाख कमी.

माझं मत सरळ आहे, ट्रॅक्टर म्हणजे काय मोबाईल न्हवं, चिखलात दगडात राबणारं जनावर आहे ते, त्याला कॉम्प्युटर कशाला पाहिजे? शेजारच्या गावात एकाचा असलाच नवीन फडातच अडकला. आधी पिवळी लाईट लागली, मग लाल, मग रेसच घेईना. भरलेली ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून रस्त्यावर काढली आणि लॅपटॉपवाला तिसऱ्या दिवशी आला. तीन दिवस ऊसतोडीची टोळी बसून. टोळीचं पोट काय फिल्टर भरणार काय?

निपाणी_एक्स्प्रेस
किस्सा खरा असेल भावा, पण अर्धाच सांगितलास. पिवळी लाईट लागल्यावर त्या ड्रायव्हरनं काय केलं ते विचार. माझ्याकडं असलाच ५५ चा आहे, १४०० तास झालेत, हंगामात दोन ट्रॉल्या ओढतो, एकदाही लॅपटॉप लावायची पाळी आली नाही.

फिल्टर म्हणजे काय जादू नाही, चुलीच्या धुराड्यासारखं आहे. काजळी आत धरून ठेवतो आणि भरत आला की इंजिनच जास्तीचं डिझेल सोडून साधारण ६०० डिग्रीपर्यंत तापवून ती काजळी जाळून टाकतं, त्याला रीजन म्हणतात. माझा चाळीस पन्नास तासांनी एकदा घेतो, वीस पंचवीस मिनिटं. काम चालू असतानाच होतं, फक्त त्या टायमाला बंद करायचा नाही. आता आपले ड्रायव्हर काय करतात? कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत सात सात तास इंजिन स्लोवर चालूच. का? तर टेप वाजवायला! मागं चार स्पीकर बांधलेत आणि बॅटरी उतरेल म्हणून इंजिन चालू. स्लोवर सायलेन्सर गरमच होत नाही मग काजळी जळणार कुठली, नुसती साठत जाते. लाईट लागली की हे साहेब चावी काढून चहाला. असं चार वेळा केलं की मशीन आपलं आपण पॉवर कमी करून टाकतं, म्हणजे फिल्टर वितळू नये म्हणून. चूक कुणाची मग?

खानापूरचा_भातवाला
चूक कुणाची म्हणजे? मशीन आपल्या कामाला बसलं पाहिजे का आपण मशीनच्या? यार्डात थांबणं हे आपल्या धंद्यातच आहे, पुढचा ट्रॅक्टर चार फूट सरकला की आपला पण सरकवायचा, दर पाच मिनिटाला सेल्फ मारत बसायचं का? ज्यानं हे बनवलं त्यानं कधी कारखान्याच्या वजनकाट्यावरची लाईन बघितलेलीच नाही.

आमच्याकडं तर आणखी मजा. जंगलातलं गाव, पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला की शोरूमची गाडी येतच नाही. चिखलणीच्या चार दिवसात लाईट लागली तर भात कोण लावणार? हेल्पलाईनला फोन लावला तर पहिलं कन्नड मग इंग्लिश, आमच्या आबांना दोन्ही येत नाही, ते म्हणतात "बटण दाब म्हणतोय पण कुठलं ते सांगेना". जुन्या पंपाचा ट्रॅक्टर नंदगडचा मिस्त्री पान्यावर खोलून देतो संध्याकाळपर्यंत. माझा ४९ वाल्याला पूर्ण पाठिंबा.

मिस्त्री_उद्यमबाग
तीस वर्षं पंप रूमची, म्हणजे डिझेल पंप-नोझल रिपेरची कामं केलीत म्हणून थोडं सांगतो, कुणाची बाजू घेत नाही.

पहिलं, हे ५० च्या वरच का आलं ते कळू दे. ट्रेम ४ चा, म्हणजे ट्रॅक्टरच्या धुराचा सरकारी नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला तो ३७ किलोवॅटच्या वरच्या ट्रॅक्टरला, ३७ किलोवॅट म्हणजे जवळजवळ ५० एचपी. म्हणून तर बाजारात ४९ आणि ४९.५ चे ट्रॅक्टर एवढे दिसतात, योगायोग नाही तो. त्याच्या खालच्यांना तेव्हा आधीचा ट्रेम ३ए च राहिला, म्हणजे साध्या पंपावर भागलं.

दुसरं, लोक सगळा राग फिल्टरवर काढतात पण माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात तक्रारी डिझेलच्या असतात. कॉमन रेलमध्ये, म्हणजे त्या सीआरडीआयमध्ये, डिझेल हजार बारच्या पुढं दाबानं जातं, नोझलची भोकं एकदम बारीक. तुम्ही घरी निळ्या कॅनमध्ये महिनाभर डिझेल ठेवणार, त्यात पाणी सुटणार, वरून फडक्यानं गाळून ओतणार. जुना पंप ते खाऊन ढेकर देत होता, नवीन नोझल देत नाही, आणि ते रिपेर करायची मशिनरी गावोगावी नाही, बेळगावात नाहीतर कोल्हापुरात पाठवावं लागतं. खानापूरच्या दादांचं इथंपर्यंत बरोबर आहे. पण डिझेलमधलं पाणी साठतं तो खाली नळी असलेला बाऊल आहे ना, त्यातलं पाणी आठवड्याला सोडा की ओ. दोन मिनिटाचं काम आहे.

सरळ_बोलतो
एवढं पुराण कशाला. फिल्टर कापून आतला माल काढायचा, ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) प्रोग्राम मारायचा, विषय संपला. करून देणारे आहेत. ट्रॅक्टर पहिल्यासारखा पळतो.

मिस्त्री_उद्यमबाग
@सरळ_बोलतो पळतो की, माझ्या दारात पळत आलेले दोन बघितलेत. एकाला प्रोग्राम मारणाऱ्यानं डिझेलचा डोस वाढवून दिला, पिस्टनच गेला. दुसऱ्याला वॉरंटीत गिअरबॉक्सचं काम होतं, कंपनीच्या माणसानं ईसीयू वाचला आणि हात वर केले. शिवाय हे बेकायदेशीर आहे ते वेगळंच. इथं कोण शिकवत असेल तर मी तरी गप्प बसणार नाही.

पोरगं_बेळगावचं
मिस्त्री काका बरोबर. गंमत म्हणजे हा ४९ चा खेळ आपलाच नाही. माझा आत्तेभाऊ अमेरिकेत आहे, तिकडं घराभोवती पाच दहा एकरवाले छोटे कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर घेतात, गवत कापायला, बर्फ ढकलायला. तिकडं २५ एचपीच्या वर गेलं की काजळीचा नियम एकदम कडक होतो, २०१३ पासून, म्हणून तिथल्या कंपन्या २४ आणि कायतरी एचपीचे ट्रॅक्टर काढतात आणि लोक मुद्दाम तेच घेतात. त्याच्याकडं ३३ चा फिल्टरवाला आहे. तो म्हणतो शनिवारी अर्धा तास चालवून बंद करणाऱ्यालाच त्रास, इंजिन तापायच्या आधी काम संपतं. रोज आठ तास राबवणाऱ्याला कळत पण नाही फिल्टर आहे म्हणून.

अथणी_बागायतदार
हे वाचून आमच्या पोटात गोळा आला. आमचा २८ चा बागेतला, दोन ओळीतनं फवारणीचा ब्लोअर घेऊन फिरणारा. ट्रेम ५ आला की आम्हाला पण हे गळ्यात पडणार म्हणतात, खरं आहे काय? आधी एप्रिल २०२४ म्हणत होते मग एप्रिल २०२६ म्हणाले. बोनेट एवढंसं, त्यात तो डबा कुठं बसवणार? आणि ६०० डिग्री गरम डबा वेलीखालनं न्यायचा म्हणजे पानं भाजली तर?

मिस्त्री_उद्यमबाग
@अथणी_बागायतदार तारखेचं मी सांगत नाही, ती दरवेळी सरकते. पण युरोपात स्टेज ५ म्हणून जो नियम आहे त्यात फिल्टरची रेष १९ किलोवॅटवर आहे, साधारण २५ एचपी. त्याच्या वरच्यांना काजळीचे कण मोजून द्यावे लागतात म्हणून फिल्टर, खालच्यांना सूट. आपलेही नियम त्याच वळणावर चाललेत, म्हणजे २८ वाल्यांनी २४ कडे बघून ठेवावं. आणि ब्लोअरचं काम फिल्टरला उलट चांगलं आहे, पीटीओ (ब्लोअर फिरवणारा मागचा शाफ्ट) ५४० फेऱ्यांवर म्हणजे रेस कायम, सायलेन्सर गरम. पानाचं म्हणाल तर डब्याला बाहेरनं शील्ड असते, गरम असतो तो बाहेर येणारा धूर, त्याचं तोंड कुठं आहे ते बघून घ्यायचं.

उचगावचा_शेतकरी
गरम धुराचं बोललात म्हणून विचारतो, उसाच्या फडात काय? पाचट गुडघ्याएवढं असतंय. तिथं रीजन चालू झालं तर फडच पेटायचा!

निपाणी_एक्स्प्रेस
हा मात्र खरा प्रश्न आहे आणि शोरूमवाला हे सांगत नाही. म्हणून तर रीजन थांबवायचं बटण दिलेलं असतंय. फडात शिरताना ते दाबायचं, रस्त्याला लागला की सोडायचं. पण दाबून विसरला तर झालं कल्याण, आठवडाभर काजळी साठत राहणार. माझ्या ड्रायव्हरनं तेच केलं होतं एकदा, मग मोकळ्या माळावर उभा करून पार्क रीजन घ्यावं लागलं, अर्धा पाऊण तास नुसता उभा राहून डिझेल जाळलं. खाली आधी झाडून घेतलं, पाण्याची घागर शेजारी ठेवली. हसू नका, वाळलेल्या गवतावर कुणी करू नये.

आणि डिपस्टिक बघत जा. रीजन अर्धवट सोडत गेलं की ते जास्तीचं डिझेल खाली ऑईलमध्ये उतरतं, ऑईलची लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढते. लोक खूश होतात, "आमचा ट्रॅक्टर ऑईलच खात नाही". अरे ते डिझेल आहे, बेअरिंग खाईल उद्या! ऑईल पण सुटं नको, सीके ४ लिहिलेलं कमी राखेचं पाहिजे, कारण काजळी जळते पण ऑईलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच बसते आणि तीन हजार तासांच्या पुढं मागं काढून साफ करावी लागते.

खानापूरचा_भातवाला
म्हणजे बघा, बटण लक्षात ठेवा, घागर ठेवा, झाडून घ्या, ऑईल बघा, बाऊल सोडा, टेप बंद करा. ट्रॅक्टर घेतला का बाळंतीण घरात आणली? आणि तो युरिया पण टाकावा लागतो म्हणे. आमच्याकडं खरिपात पिकाला एक पोतं मिळवायला सोसायटीत लाईन, आता ट्रॅक्टरला पण द्यायचा काय?

पोरगं_बेळगावचं
😀 दादा, ५५ ला युरिया लागतच नाही. ते ७५ एचपीच्या वर. आणि तिथं पण शेतातला युरिया चालत नाही, त्याला निंबोळीचं तेल लावलेलं असतंय, सिस्टीम जाम होईल. वेगळं तयार पाणी मिळतं, ३२.५ टक्के युरियाचं. कृपा करून घरी कुणी पोतं विरघळवू नका.

निपाणी_एक्स्प्रेस
बाळंतिणीचं झक्क होतं 😀 पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. आमचे वडील चाळीस वर्षं ट्रॅक्टरवर बसले, पुढं उभा सायलेन्सर, वारं तोंडावर आलं की सगळा धूर नाकात. रात्री रुमालावर काळं निघायचं. शेवटची सहा वर्षं खोकूनच काढली. तंबाखूनं झालं का धुरानं ते मी डॉक्टर नाही म्हणून सांगत नाही, पण डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं २०१२ मध्येच डिझेलचा धूर कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातलाय. नवीनवर मी दिवसभर बसतो, पांढरा रुमाल पांढराच. दीड लाखात मला ते पण धरायचं आहे. तुम्हाला नसेल धरायचं तर तुमचा प्रश्न.

खानापूरचा_भातवाला
वडिलांचं वाचून वाईट वाटलं दादा, त्यावर वाद घालणार नाही. पण मग हे ५० च्या वरच का? ४९ चा धूर काय गोड असतोय? लहान शेतकरी तोच वापरतो आणि तोच नाकात घेतो. नियम करायचा तर रिपेरची सोय तालुक्याला करून मग करा, नाहीतर मधल्यामधी आम्हीच मरतोय.

मिस्त्री_उद्यमबाग
ह्याला मात्र माझ्याकडं उत्तर नाही. स्कॅनर आम्ही विकत घ्यायला तयार आहोत, कंपनीवाले कोड देत नाहीत, म्हणतात शोरूमलाच या. वीस किलोमीटरवर मिस्त्री बसलेला असून लाईट विझवायला सत्तर किलोमीटर जायचं.

सरळ_बोलतो
महाराष्ट्रातलं डिझेल भरलं की फिल्टर लवकर जाम होतो म्हणे, खरं काय?

निपाणी_एक्स्प्रेस
बंडल. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ डिझेल, गंधक १० पीपीएम, कागलला भर नाहीतर निपाणीला भर, माल तोच. पूर्वी तिकडचे लोक स्वस्त म्हणून इकडं भरायला यायचे, आपल्या कर्नाटक सरकारनं जून २०२४ आणि एप्रिल २०२५ असा दोनदा कर वाढवला, आता ती मजा पण गेली.

उचगावचा_शेतकरी
मंडळी एवढं लिहिलात, आभारी आहे. घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. भाऊ म्हणतो ५५ च, वहिनी म्हणते आधी टेप काढा 😀. माझं मन अजून ४९ वरच आहे, पण डबल ट्रॉली भरून आमचा तो चढ ४९ ला झेपेल का ही शंका आहे, जुना ४० चा तिथं पुढनं उठायचा. कुणी ४९ वर दोन ट्रॉल्या चढावर नेल्यात का?

खानापूरचा_भातवाला
नेल्यात. पुढं वजन बांध, पहिल्यातच चढव, मध्ये गिअर बदलू नको. आणि ट्रॉली कारखाना सांगतो तेवढीच भर, वर पेंढ्या बांधू नको.

निपाणी_एक्स्प्रेस
आमच्यात त्याच चढाला ५५ तिसऱ्यात जातो. बुधवारी माझी फेरी तुमच्याच बाजूला आहे, फाट्यावर थांब, भरलेला चालवून बघ मग ठरव.