कासला दर्जा मिळाला, पण राखण कोणाची?

युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले म्हणूनच साताऱ्याजवळचे कासचे फुलांचे पठार वाचले, असे सध्याच्या चर्चेत म्हटले जाते; ते मला अर्धेच पटते. १ जुलै २०१२ रोजी पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी आली, हे खरे; परंतु त्या वेळी युनेस्कोची तांत्रिक सल्लागार असलेल्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने प्रस्ताव लांबणीवर टाकण्याची शिफारस केली होती आणि तरीही २१ सदस्य-राष्ट्रांच्या समितीने तो मंजूर केला, याचा उल्लेख चर्चेत कोठेच आलेला नाही. म्हणजे ज्याला आपण शास्त्रज्ञांचा निवाडा समजतो, तो अखेरीस सरकारांच्या प्रतिनिधींनी घेतलेला निर्णय असतो.

शिवाय ज्या जागतिक वारसा करारानुसार हा दर्जा मिळतो, त्या १९७२ च्या कराराकडे स्वतःचा वनरक्षक नाही. धोक्यातील स्थळांच्या यादीत नाव घालणे किंवा दर्जाच काढून घेणे, एवढेच त्याचे हत्यार. पठारावर प्रत्यक्ष चालतो तो भारतीय वनकायदा, आणि हंगामात प्रवेशशुल्क घेऊन, जांभ्यावरच्या बोटभर मातीतली फुले तुडवू नका म्हणून फोटोवाल्यांना हटकत उभी असतात ती कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांतली माणसे. तिथल्या तारेच्या कुंपणाने गुरांची चराई थांबून गवत माजले आणि फुले घटली, अशी तक्रार झाली आणि पुढे ते कुंपण काढण्यात आले. हा वाद साताऱ्यातच उपस्थित झाला आणि साताऱ्यातच मिटवावा लागला. युनेस्कोच्या पॅरिसमधल्या मुख्यालयातून त्याबाबत कोणी काही सांगितल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही.