फायटर मासा (बेट्टा) एकटाच ठेवायचा की सोबतीला कोणी? मदत हवी आहे

सावजी_रस्सा
नमस्कार मंडळी. विषय छोटा आहे, पण त्यावरून घरात रोज वाद होऊन राहिला, म्हणून धागा काढला.

गणपती उठल्यावर पोरीच्या वाढदिवसाला नागपूरच्या बर्डी बाजारातून निळा फायटर आणला. दुकानदारानं तीन लिटरचा गोल बाउल दिला अन् म्हणाला, "याले काही लागत नाही भाऊ. मोटर नको, फिल्टर नको, चहाच्या ग्लासातही जगते." दीड महिना खरंच मजेत होता. दाणे टाकायला गेलं की काचेशी येऊन अख्खं अंग हलवायचा. ऑक्टोबरात एकदा पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा फेस दिसला, तर बाउल धुताना साबण राहिला म्हणून आईनं मलाच झापलं.

दिवाळीनंतर आईनं सुरू केलं, "एकटा जीव बिचारा, कसा कोमेजून गेला पाहा." गच्चीवरच्या टाक्यात डासांसाठी सोडलेले गप्पी आहेत. महापालिकेवाले डेंग्यूच्या दिवसांत देतात तेच. त्यातले पाच पकडून बाउलमध्ये सोडले. पहिल्या दिवशी यानं गालफडं फुगवून नुसता दम दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी एक गप्पी तळाशी मेलेला, त्याची शेपटी गायब. अन् फायटरच्या स्वतःच्या शेपटीलाही दोन चिरा, जुन्या फणीचे दात गळावेत तशा.

उरलेले चार परत टाक्यात टाकले. तेव्हापासून आठ दिवस झाले, हा तळाशी एका अंगावर पडून आहे. मधूनच वर येऊन एक घोट हवा घेतो अन् पुन्हा खाली. दाणे खात नाही. आई म्हणते सोबती नेले म्हणून रुसला. पोट्टी म्हणते त्याला बायको आणा.

पाणी नळाचंच, दर रविवारी बाउल घासून पूर्ण बदलतो. बाउल उत्तरेच्या खिडकीत असतो. आता याला एकटा ठेवू की कोणी आणू? अन् आणायचा तर कोण?

काचपेटी
सोबतीचं नंतर बोलू. आधी सांगा, पाण्याचं तापमान किती आहे? हाताला गार लागतं वगैरे नको, थर्मामीटरचा आकडा द्या. माशांच्या दुकानात काचेचा स्वस्तात मिळतो. सकाळी सूर्य वर यायच्या आत पाहा.

आणि तो फेस साबणाचा नव्हता हो. नर बेट्टा तोंडातून बुडबुडे काढून पाण्यावर घरटं बांधतो, पुढे मादीची अंडी त्यात ठेवून राखणही तोच करतो. मादी नसली तरी बांधतो. म्हणजे ऑक्टोबरात तुमचा गडी चांगला ठणठणीत होता. आईंना सांगा, तुम्ही निर्दोष आहात.

सावजी_रस्सा
आज सकाळी सहाला पाहिलं. १७.

काचपेटी
मग रुसवा नाही, थंडी आहे. हा थायलंडकडचा मासा, भातशेतीच्या उथळ, उबदार पाण्यातला. तिथल्या सरकारनं २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर केलंय. त्याला २५ ते २८ अंश लागतात. १७ ला त्याचं पचनसुद्धा मंदावतं, खाणार काय? नागपूरच्या डिसेंबरात उत्तरेच्या खिडकीत बाउल म्हणजे त्याला रोज रात्री गच्चीवर झोपवल्यासारखंच झालं.

फक्त आता घाईनं गिझरचं पाणी ओतू नका. एकदम फरक पडला तर आहे तेही जाईल. आज बाउल आतल्या खोलीत, भिंतीशी घ्या. मग निदान २० लिटरची काचेची पेटी, लहान हीटर, स्पंज फिल्टर आणि वर झाकण आणा, कारण हा मासा उडी मारतो. झाकण आणि पाणी यांच्यात दोन बोटं हवा राहू द्या. हीटर तीन लिटरच्या बाउलमध्ये लावू नका, एवढंसं पाणी बघता बघता तापतं. आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे पोरीलाही शिकवा.

चहाच्या ग्लासाची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून तर ती इतकी चालते. बेट्टाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक वेगळा अवयव असतो, त्यामुळे तो वर येऊन थेट हवेतला श्वास घेतो. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात तो गुदमरत नाही. पण त्याच्याच विष्ठेतून आणि कुजलेल्या दाण्यांतून अमोनिया होतो, तो कल्ले जाळतो, आणि त्यावर हवेचा घोट चालत नाही. तीन लिटरमध्ये सहा मासे कोंबले होते तुम्ही! शेपटीच्या चिरा गप्पींनी कुरतडून झाल्या असतील किंवा वैतागून यानं स्वतःच चावा घेतला असेल, बेट्टा तेही करतो. रोज कडा काळपट-लालसर होऊन झिजत चालली असेल तर मात्र ती कूज. नीट पाहून सांगा.

सावजी_रस्सा
कडा स्वच्छ आहे. कात्रीनं कापल्यासारखी.

बदामाचं_पान
मग ती भरून येईल, औषधाच्या मागे लागू नका. देशी बदामाची वाळून गळलेली तपकिरी पानं असतात ना, ती या माशाला मानवतात. फवारणी न झालेल्या झाडाखालचं एक पान धुऊन टाका, पाण्याला चहासारखा रंग येईल. आपल्याकडे कित्येक जुन्या बंगल्यांच्या आवारात हे झाड आहे, विकत कशाला घेता?

आणि दर रविवारी बाउल घासणं आधी थांबवा. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि खड्यांवर वाढतात, त्यांना जम बसवायला चारेक आठवडे तरी लागतात. तुम्ही रविवारी धुऊन त्यांना हाकलता. पाव भाग पाणी काढा, तेवढंच नवीन घाला. नवीन पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाकायला विसरू नका. पेटी नवीन असेपर्यंत पाणी दोन-तीन दिवसांआड बदला.

इतवारीकर
माझा मुद्दा थोडा वेगळा. बेट्टा एकटाच राहतो हे सरसकट खरं नाही. माझ्या तीन फुटी पेटीत लाल बेट्टा दोन वर्षं सहा कोरिडोरस कॅटफिशबरोबर राहिला. ते तळाशी वाळू हुंगत फिरतात, हा वर. कोणाचं कोणाशी देणंघेणं नाही. तो गेल्यावर दुसरा आणला, त्यानं त्याच पेटीतल्या छोट्या कोळंब्या आठवड्यात साफ केल्या. माशा-माशाचा स्वभाव असतो राजेहो.

टायगर बार्ब मात्र चुकूनही नको, लांब पंख दिसले की ते तोडणारच. गोल्डफिशही नको, त्याला थंड पाणी हवं असतं आणि घाण तो भरपूर करतो.

काचपेटी
इतवारीकरांशी सहमत, पण तीन फुटी पेटी हे त्यातलं मुख्य वाक्य आहे. पळायला जागा हवी. २० लिटरमध्ये फार तर एखादी गोगलगाय. गप्पीचं म्हणाल तर, नर गप्पीची झुलती रंगीत शेपटी पाहून बेट्टाला दुसरा बेट्टाच आल्यासारखं वाटतं. तो लढायलाच पाळलेला वंश आहे, थायलंडात यांच्या झुंजींवर पैसे लागायचे.

आणि पोरीला समजवा, बायको नको. अंडी घालण्यापुरती मादी सोडतात आणि लगेच बाजूला काढतात. नाही काढली तर नर तिलाच फाडतो. दुकानदारानं आरसा दाखवून फुगवला असेल, तोही कायमचा लावू नका. दिवसभर शत्रू समोर उभा, जेवणार कधी बिचारा?

सावजी_रस्सा
पाच दिवसांनी कळवतो. पेटी, ५० वॅटचा हीटर, स्पंज फिल्टर आणला. नव्या पाण्यात थेंब टाकले, बदामाचं पानही टाकलं. मासा बाउलसकट आतल्या खोलीत ठेवला, मग पिशवीत घेऊन पेटीत तरंगवला अन् पाऊण तासानं सोडला. पहिली रात्र तळाशीच. आता २६ वर काटा आहे. काल दोन दाणे खाल्ले, एक थुंकून पुन्हा खाल्ला. चिरांच्या टोकाला पारदर्शक पातळ पापुद्रा आल्यासारखा दिसतो, ती नवी वाढच असावी ना?

गप्पी टाक्यातच सुखात आहेत. आई पेटीसमोर खुर्ची टाकून बसते अन् म्हणते, "मी आहे ना याला सोबत." आता यावर कोण वाद घालणार!

बदामाचं_पान
हो, पारदर्शक म्हणजे नवी वाढच, रंग मागून भरतो. दाणे सध्या तीन-चारच, जास्त नको. आईंना सांगा, सोबत बसा पण दर तासाला खाऊ घालू नका.

सावजी_रस्सा
तेच सुरू होतं काल. डबी आता माझ्या कपाटात आहे.