गावठाणाला ज्ञानकोशात वेगळं पान हवं का?

तलावपाळीकर
ठाण्यातल्या एका देवळाचं पान विकिपीडियावर सापडलं. पहिल्याच ओळीत 'पांडवकालीन'. आधार दोन. एक जीर्णोद्धाराची संगमरवरी पाटी, जिच्यावर निम्म्याहून जास्त जागा देणगीदारांच्या नावांनी आणि 'रु. ५०१'ने भरलेली. दुसरी पेपरातली बातमी, आणि ती शब्दन्‌शब्द याच पानावरून उचललेली! म्हणजे पानाला बातमीचा आधार आणि बातमीला पानाचा.

माझं मत सरळ आहे. त्रयस्थ माणसाने सविस्तर लिहिलेलं काही असेल तरच पान. ठाण्याचा किल्ला घ्या. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला, पुढे त्याचा तुरुंग झाला. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या खटल्यातल्या कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथेच फाशी दिली. यावर भरपूर लिहिलं गेलंय. बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, १८७९ चं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) ही तसंच. बाकी प्रत्येक आळीतल्या पाराला आणि गावठाणाला पान कशाला?

करावेकरीण
दादा, नियम ऐकायला बरा आहे. पण लिहिलं कोणी? इंग्रज सरकारने काढलेल्या १८८२ च्या गॅझेटिअरचा चौदावा खंड ठाणे जिल्ह्यातल्या स्थळांवरच आहे. साहेबाला जिथे किल्ला, बंदर, जुनं देऊळ दिसलं ती गावं त्यात आली. खाडीकाठच्या आमच्या आगरी-कोळी गावांवर सविस्तर लिहायला कोण बसलं होतं? तेव्हा लिहिलं नाही म्हणून आता पान नाही, हा न्याय मला पटत नाही.

आणि लोकलच्या स्टेशनाला बिनबोभाट पान मिळतं. नवी मुंबईतल्या सीवूड्स-दारावेच्या पाटीवर ज्या दाराव्याचं नाव आहे, ते गाव मात्र 'उल्लेखनीय नाही'?

गॅझेटवाला
दोघेही नियम अर्धाच सांगताय. इंग्रजी विकिपीडियाचा संकेत असा, की कायद्याने मान्य असलेलं वस्तीचं गाव साधारणपणे पानासाठी ग्राह्य धरायचं. कॉलनी, सेक्टर, टॉवर यांना मात्र स्वतंत्र आधार लागतो. शिवाय पात्रता एकदा आली की जात नाही. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, १९९२ मध्ये महापालिका आली, तरी त्याआधीची महसुली गावं पुसली जात नाहीत. करावे, दारावे, घणसोली यांचा मार्ग मोकळा आहे. अडचण देवळांची आणि वाड्यांची आहे.

घोडबंदर_लेन
आमच्याकडे उलटं. संकुलांची पानं बघा, ब्रोशर बरं! स्विमिंग पूल किती, क्लबहाउस केवढं. ती आधी उडवा, मग गावांकडे वळा.

तलावपाळीकर
गॅझेटवाले, ग्राह्य ठीक आहे, पण पानात घालणार काय? मराठी विकिपीडियावर गावांची अशी कितीतरी पानं आहेत की वरचं नाव झाकलं तर कुठलं गाव ते ओळखू येणार नाही. तेच हवामान, तोच पाऊस. त्यापेक्षा नेरुळच्या पानात 'गावठाणे' असा विभाग करा आणि गावाचं नाव शोधलं की तिकडे वळवा.

करावेकरीण
वा! जमिनी नोडमध्ये (नव्या शहराच्या उपनगरात) गेल्या, आता नावही नोडच्या पोटात घाला. गाव आधीचं की नेरुळचे सेक्टर आधीचे? आणि घालायला काय नाही? भूसंपादनाचे निवाडे आहेत, जमिनीच्या मोबदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडांचा इतिहास आहे, गावकऱ्यांनी गरजेपोटी परवानगीशिवाय बांधलेल्या घरांचा वाद आहे. होड्या कुठे लागायच्या ते सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत.

गॅझेटवाला
साडेबारा टक्के आणि गरजेपोटीची घरं यांवर बातम्या ढिगाने आहेत, खुशाल वापरा. निवाडा तारखेपुरता चालेल, तो मूळ कागद आहे, त्यावरचं विवेचन नव्हे. म्हाताऱ्यांचं सांगणं थेट पानात घालता येत नाही, ते मूळ संशोधन होतं, म्हणजे आधी कुठेच न छापलेलं. ते आधी दिवाळी अंकात, पुस्तकात, निदान एखाद्या दैनिकाच्या पुरवणीत यायला हवं.

चाळकरी
इमारतींबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. जुनी म्हणजे पात्र, ही समजूत सोडा. बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज १९८० च्या दशकातलं, चार्ल्स कोरियांचं. सात-सात घरं एका अंगणाभोवती, प्रत्येक घराची भिंत स्वतंत्र, म्हणजे पुढे ज्याला त्याला वाढवता यावं. लोकांनी ती इतकी वाढवली की मूळ घर आता शोधावं लागतं. पण त्यावर देशोदेशीच्या वास्तुविशारदांनी लिहिलंय, म्हणून पान हवंच. आमच्या ठाण्यातला शंभरी ओलांडलेला वाडा कितीही देखणा असो, त्यावर कोणी लिहिलं नसेल तर नाही. वाईट वाटतं, पण नाही.

तलावपाळीकर
@चाळकरी, हेच तर म्हणतोय. @करावेकरीण, गाव मान्य, पण दोन ओळींचं पान केलंत तर मी विलीनीकरणाचा साचा, म्हणजे 'हे दुसऱ्या पानात मिसळा' अशी सूचना, लावणार.

करावेकरीण
लावा. करावेचं पान करावेच्याच नावाने करतेय, बातम्यांचे संदर्भ जोडून. 'पांडवकालीन' कुठेही लिहिणार नाही, तेवढं नक्की. बाकी वाद पानाच्या चर्चापानावर घालू.