विषय: स्प्लिट एसीचं पाणी घरात येतंय, मदत हवी

नमस्कार मंडळी,
आमच्या बेडरूमच्या एसीतून परवापासून पाणी गळतंय. आधी थेंब थेंब होतं, काल रात्री तर भिंतीवरून ओघळच आला आणि खालचा प्लगपॉइंट भिजता भिजता राहिला. मेकॅनिकला फोन केला तर न बघताच म्हणतो, गॅस भरावा लागेल. पण खोली तर छान थंड होतेय! घरात सासूबाई आहेत, त्यांना उकाडा अजिबात सहन होत नाही, त्यामुळे फार दिवस बंदही ठेवता येणार नाही. कुणाला माहिती असेल तर प्लीज लिहा.

----
रि: स्प्लिट एसीचं पाणी घरात येतंय

ताई, सगळ्यात आधी एसी बंद करून त्याचा ब्रेकर पाडा. प्लगपॉइंटजवळ पाणी म्हणताय म्हणून हे पहिलं, बाकी सगळं नंतर.

आणि गॅसला आत्ता हो म्हणू नका. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो बंद पाइपात फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे आणि ते न शोधता नुसता भरला तर पैसे पाण्यात. शिवाय खोली नीट थंड होतेय म्हणताय, म्हणजे संशय दुसरीकडेच घ्यायला हवा.

आतली कॉइल इतकी गार असते की खोलीतल्या हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन जमते, ते खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ड्रेन पाइपने बाहेर जातं. भिंतीवरच्या बहुतेक स्प्लिटना पंपबिंप नसतो, सगळा कारभार उतारावर. दमट हवेत दिवसभरात कित्येक लिटर पाणी निघतं, म्हणजे पाणी होणं हा बिघाड नाहीच, ते बाहेर जात नाहीये हा बिघाड.

आता एकच बघा, गळतं कधी? एसी सुरू होऊन थोडा वेळ गेला की गळायला लागतं आणि बाहेरच्या पाइपातून काहीच पडत नाही, तर ड्रेन चोकअप आहे. एसी बंद केल्यावर भडाभडा येत असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय आणि तो वितळून ट्रे भरून वाहतोय. बर्फाचं नेहमीचं कारण म्हणजे धुळीने भरलेला फिल्टर, हवाच पुरेशी जात नाही म्हणून कॉइल गोठते. फिल्टर आणि कॉइल स्वच्छ असून, पंखा नीट फिरत असूनही बर्फ धरला तर मग गॅसबद्दल विचारा. बर्फ दिसला तर सुरीने खरवडू नका हं, कॉइलला भोक पडलं तर मोठा खर्च, नुसता वितळू द्या.

चोकअप असेल तर पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर मिळवा. बाहेरच्या पाइपाच्या तोंडाला लावून भोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळा आणि एक-दोन मिनिटं ओढा. बाहेरून जोरात हवा मारू नका, आतला जोड निसटला तर सगळा चिखल खोलीत. मग ट्रेमध्ये बाटलीने हळूहळू पाणी ओता, बाहेर धार लागली की झालं.

----
रि: रि: स्प्लिट एसीचं पाणी घरात येतंय

दादांनी छान लिहिलंय, थोडी भर घालते. पाइपाचं टोक बादलीत बुडलेलं नाही ना तेही बघा, बुडलं की हवा अडते आणि पाणी मागे तुंबतं. आणि ट्रे कोरडा असून पाइप भिंतीत शिरतो तिथे थेंब दिसले तर तांब्याच्या पाइपावरचा फोम फाटला असेल, तो बदलायचा.

ज्यांच्याकडे सेंट्रल एसी माळ्यावर आहे त्यांनी वर जाऊन युनिटखालचा दुसरा ट्रे बघून घ्या. त्यात पाणी दिसलं म्हणजे मुख्य ड्रेन तुंबलाय. बऱ्याच ठिकाणी तिथे फ्लोट स्विच असतो, पाणी चढलं की तो एसी बंद करतो. काही लोक तो काढून एसी चालू ठेवतात, कृपा करून असं करू नका, तेच पाणी छतातून खाली येतं. भाड्याचं घर असेल तर फोटो काढून घरमालकाला मेलने कळवा, नुसतं फोनवर नको.

----
रि: रि: रि: स्प्लिट एसीचं पाणी घरात येतंय

खूप खूप आभार! पाइपाच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, त्याच्यामागे हिरवट काळा बुळबुळीत गोळा. व्हॅक्यूमने ओढल्यावर आधी भसकन घाण आली, मग लोटाभर पाणी, आणि रात्रभर एसी चालवून भिंत कोरडी. सासूबाई शांत झोपल्या. फक्त भिंतीचा रंग फुगलाय, लगेच रंगवू का? आणि पाइपात ब्लीच ओतू का?

----
रि: रि: रि: रि: स्प्लिट एसीचं पाणी घरात येतंय

वा, मस्त! रंग लगेच नको, आधी भिंत आतून वाळू दे, पंखा लावून ठेवा. ओल एक-दोन दिवसांपेक्षा जास्त राहिली तर बुरशी धरते, त्यामुळे कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर पुढे ओढा. ब्लीचपेक्षा पांढरं व्हिनेगर बरं, कपभर ओता, अर्ध्या तासाने साधं पाणी सोडा. दोन्ही एकत्र मात्र कधीच नाही, विषारी वायू होतो. टोकाला जाळी लावणार असाल तर मोठ्या भोकांची लावा, बारीक जाळीवर तोच बुळबुळीत थर धरतो.