मळ्यातलं घर आणि रोजची ये-जा: .३२ रिव्हॉल्वर घ्यावं की पिस्तूल?

द्राक्षबाग_निफाड:
नमस्कार मंडळी. कलेक्टर ऑफिसमधून हँडगनचं लायसन्स मंजूर झालंय, क्षेत्र महाराष्ट्र राज्य. घर मळ्यात आहे, गावापासून तीन किलोमीटरवर. सीझनमध्ये रोकड घेऊन बाजार समिती आणि बँक अशी ये-जा असते. घरात आई, बायको आणि दोन मुलं, थोरला अकरा वर्षांचा, धाकटी सहाची.

समोर तीन पर्याय आहेत: कानपूरचं नवीन ‘प्रबळ’ रिव्हॉल्वर, सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं जुन्या पद्धतीचं, उघडताना मधून मोडणारं .३२ बोअरचं रिव्हॉल्वर आणि ‘अशनी’ पिस्तूल. दुकानदार म्हणतो पिस्तूल घ्या, चपटं आहे, कमरेला दिसत नाही. माझा पंजा लहान आहे. नक्की काय बघून ठरवायचं? आणि घरासाठी, अंगावर बाळगण्यासाठी एकच हत्यार पुरतं का?

नेम_आणि_नळी:
दादा, ब्रँड नंतर. आधी पंजाचं बघू, तुम्ही स्वतःच तो मुद्दा काढलाय.

रिकामं हत्यार हातात घ्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खोबण दस्त्याच्या मागे जितकी वर बसेल तितकी वर बसवा. आता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापाच्या मध्यावर आला पाहिजे. नुसतं टोक पोचत असेल तर दाबताना नळी एका बाजूला ओढली जाते. रिव्हॉल्वरमध्ये हा त्रास जास्त होतो, कारण घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा) न चढवता दाबताना चाप सुटायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. घोडा चढवून दाबलं तर त्याच्या निम्माही लागत नाही, पण अंधारात, घाबरलेल्या माणसाने चढलेला घोडा हाताळणं धोक्याचं. त्यामुळे निवड करताना घोडा न चढवता दाबून बघा. नळीवर पुढच्या माशीजवळ (नेम धरायच्या खुंटीजवळ) एक रुपयाचं नाणं ठेवा, भिंतीकडे रोखा, चाप सावकाश एकसारखा दाबा. दहापैकी सात-आठ वेळा नाणं टिकलं तर ते हत्यार तुमच्या हाताचं. सतत पडत असेल तर लहान दस्त्याचं मॉडेल बघा. दुकानदाराला आधी विचारा आणि डमी काडतूस घालूनच चाप दाबा.

रिव्हॉल्वर काउंटरवर तपासताना घाई करू नका. घोडा अगदी हळू मागे ओढा. तो पूर्ण चढण्याआधी किंवा चढता चढता काडतुसांचं चक्र ‘टक्’ करून कुलूपबंद झालं पाहिजे. सहाही घरांना हे करून बघा, एखादंच घर आळशी असतं. चक्र उशिरा बसलं तर गोळी नळीच्या तोंडाला एका कडेने घासून जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. मग चक्र आणि नळी यांच्यातली फट बघा. गॅरेजमध्ये मिळणारी, फट मोजायची फिलर गेज न्या. ०.१५ मिमीची पट्टी जायला हवी, ०.३० ची जाऊ नये. फट फारच कमी असेल तर दोन-तीन डझन काडतुसांच्या काजळीने चक्र अडायला लागतं.

मधून मोडणाऱ्या मॉडेलमध्ये आणखी एक तपासणी. बंद करून नळी एका हातात, दस्ता दुसऱ्या हातात धरून हलवा. बिजागरीत किंवा वरच्या खटक्यात खेळ जाणवला तर ते ठेवून दुसरं नग मागा. ‘प्रबळ’ला ही भानगड नाही, त्याचं चक्र बाजूला उघडतं. नळी ७६ मिमी, वजन काडतुसांशिवाय सातशे ग्रॅमच्या आसपास. पन्नास मीटर रेंजची जाहिरात झाली, त्यावर जाऊ नका. तुमच्या कामाचं अंतर ओटा ते फाटक, म्हणजे पाच-सात मीटर. तिथे वजनाचा फायदा मिळतो, धक्का कमी बसतो आणि दुसरी गोळी लवकर रोखता येते. पाचशे ग्रॅमचं हलकं रिव्हॉल्वर बाळगायला छान, पण त्यावर सराव करायचा माणूस टाळाटाळ करतो, हे विसरू नका.

माझं मत: तुमच्यासाठी ‘प्रबळ’ किंवा त्या वजनाचं रिव्हॉल्वर.

स्लाइड_मागे:
वरच्या तपासणीशी सहमत, निष्कर्षाशी नाही. रोज कमरेला लावायचं असेल तर चक्राचा फुगवटा शर्टातून दिसतो आणि बसता-उठता टोचतो. टोचणारं हत्यार दुसऱ्या महिन्यात घरी कपाटात राहतं. पिस्तूल चपटं, चाप हलका, मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) बदलायला सोपं. दुकानदाराचं सगळंच चूक नाही.

पण पिस्तूल घेणाऱ्याने तीन गोष्टी शिकूनच घ्यावं.

पहिली म्हणजे काठाची अडक. पिस्तुलाच्या ७.६५ काडतुसाला बुडाशी अगदी बारीक काठ असतो. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठामागे गेला, की वरचं पुढे सरकतच नाही. स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) कितीही ओढा, सुटत नाही, मॅगझिन काढून हाताने सोडवावं लागतं. भरताना प्रत्येक काडतूस खालच्याच्या किंचित पुढे ठेवून मग मागे सरकवायचं. भरून झाल्यावर मॅगझिनचा मागचा भाग तळहातावर दोनदा आपटायचा आणि बाजूच्या छिद्रातून ओळ बघायची. मॅगझिन दोन ठेवा, त्यांना १ आणि २ असे नंबर घाला. अडकणं नेहमी एकाच नंबरला होत असेल तर दोष पिस्तुलाचा नाही, त्या मॅगझिनच्या ओठांचा (वरच्या कडांचा) किंवा स्प्रिंगचा.

दुसरी, तेच काडतूस रोज चेंबरमध्ये (नळीमागच्या काडतुसाच्या जागेत) घालणं-काढणं. दरवेळी गोळीचं नाक रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटतं आणि गोळी पितळी केसमध्ये थोडी थोडी आत दबते. आत दबलेल्या गोळीमुळे दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची ताडा. डोळ्याला फरक दिसला की ते काडतूस बाद.

तिसरी, रिकामं करण्याचा क्रम. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड ओढून चेंबर रिकामं, मग बोट घालून चाचपून बघा. क्रम उलटा झाला की स्लाइड मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत ढकलते आणि माणूस समजतो रिकामं झालं. घरात अपघात होतात ते असेही.

द्राक्षबाग, घरच्यांपैकी कोणाला स्लाइड ओढायला लावू नका. लायसन्स तुमच्या नावाचं आहे, हत्यारही तुमच्यापुरतंच.

द्राक्षबाग_निफाड:
दोघांचे आभार. नाण्याची चाचणी उद्याच करतो. काडतुसं .३२ म्हणजे दोन्हींत एकच चालतात ना? आणि मुलांमुळे तिजोरीचं काय करावं?

काडतूस_खडकी:
नाही, एकच चालत नाहीत! लायसन्सवर .३२ लिहिलेलं असलं तरी रिव्हॉल्वरला .३२ स्मिथ अँड वेसन लाँग लागतं आणि पिस्तुलाला ७.६५ मिमी, म्हणजे .३२ एसीपी. घोळ असा आहे की पिस्तुलाचं आखूड काडतूस रिव्हॉल्वरच्या घरात सरकतं, त्यामुळे चालतं असं वाटतं. त्याचा दाब जास्त असतो आणि जुन्या मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्वरचा खटका त्या दाबासाठी बनवलेला नसतो. डबीवरचं पूर्ण नाव वाचून घ्या.

ताकदीबद्दल गैरसमज नको. लाँगची गोळी साधारण सहा ग्रॅम शिशाची, पिस्तुलाची साडेचार ग्रॅमच्या आसपास, पण जास्त वेगाची. दोन्ही मध्यमच. एका गोळीत माणूस जागीच थांबतो हे गृहीत धरू नका, म्हणूनच लागोपाठ नेम साधता येणं मोलाचं. आणि मध्यम म्हणून निरुपद्रवीही समजू नका. नऊ इंची विटांची भिंत ती अडवते. प्लायचं दार, खिडकीची काच, पत्र्याची शेड नाही अडवत. आई ज्या खोलीत झोपतात ती खोली दाराच्या रेषेत येते का, हे आज दिवसाउजेडी उभं राहून बघून ठेवा.

आता काडतुसांची निगा. सगळा साठा एकाच लॉटचा घ्या आणि त्यातली अर्धा डझन तरी रेंजवर उडवून बघा. फुसकं निघालं तर नळी सुरक्षित दिशेला धरून सरळ तीस सेकंद थांबा, कधी कधी बार उशिरा उडतो. चेंबरमध्ये आणि चक्राच्या घरात तेल शिल्लक ठेवू नका. पातळ तेल प्रायमरच्या (बुडाशी ठिणगी देणाऱ्या टिकलीच्या) कडेने आत झिरपतं आणि काडतूस मरतं. साफ केल्यावर कोरडा कपडा दोनदा फिरवा. बाळगलेली काडतुसं दरवर्षी सरावात संपवून नवी भरा. लायसन्सवर लिहिलेल्या संख्येच्या आतच साठा ठेवा आणि प्रत्येक डबीची पावती जपा.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये हत्यार मुक्कामाला ठेवू नका. चामडं ओल धरतं, पितळेवर हिरवा थर चढतो आणि नळीला गंजाचे ठिपके येतात. निफाडला कमी, पण पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गकडे आठवड्यात दिसतो. रात्री बाहेर काढून पुसा, तिजोरीत सिलिका जेलची पुडी ठेवा.

कलम_आणि_कुलूप:
तिजोरीचं सांगतो. लहान पेटी बोल्टने भिंतीत किंवा सिमेंटच्या कोब्यात पक्की करा. मोकळी पेटी चोर उचलूनच नेतो. चार आकडी बटणांचं कुलूप असेल तर दर महिन्याला बटणं पुसा, कारण नेहमीची चार बटणं चमकायला लागतात आणि अकरा वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं. चावीचं कुलूप असेल तर चावी तुमच्या अंगावर, देवघरात किंवा गल्ल्यात नाही. भरलेलं हत्यार उशीखाली नको. मुलांना एवढंच शिकवा: दिसलं तर हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची.

बाळगताना: आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या बॅगेत, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात असली पाहिजे. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये टाकून बँकेत गेलात तर ताबा सुटला. होल्स्टर असा घ्या की चाप पूर्ण झाकला जाईल आणि हत्यार आत घालताना तोंड उघडं राहील. मऊ कापडी होल्स्टरची कड आत दुमडते, चापाला लागते आणि मांडीत गोळी जाते. जुन्या रिव्हॉल्वरला हॅमर ब्लॉक (चाप न दाबता घोडा काडतुसावर पडू न देणारी पट्टी) आहे का, याची दुकानात खात्री करा. शंका असेल तर घोड्याखालचं घर रिकामं, पाचच काडतुसं.

क्षेत्र महाराष्ट्र आहे, म्हणजे गोव्याला जाताना हत्यार बरोबर नेता येणार नाही. निवडणुकीत जमा करायला सांगितलं तर हत्यार नंबरसह पावती घ्या. लायसन्स पाच वर्षांचं, नूतनीकरणाचा अर्ज दोन महिने आधी टाका. लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही. सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरणाऱ्यासाठी कलम ४१ व्यापक आहे, पण मळ्यातून मोटर चोरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं त्यात बसत नाही. आधी कुटुंब एका खोलीत, दार बंद, ११२ ला फोन, मोठ्याने आवाज द्या. हत्यार त्या खोलीच्या दारासाठी.

बांधावरचा:
थोडक्यात घराबद्दल. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं मिळतात. दुसरं लायसन्स मागायचंच असेल तर मळ्यासाठी बारा बोअरची बंदूक मागा. लांब नळीमुळे नेम सोपा, खांद्याचा आधार मिळतो. पण ती अंगावर बाळगायची गोष्ट नाही आणि तिला उंच, बोल्ट केलेलं वेगळं कपाट लागतं. तोपर्यंत फाटकावर सेन्सरचा दिवा, दाराला आतून आडणा आणि अंगणात कुत्रा. हे तिन्ही लायसन्सशिवाय मिळतं आणि हत्यार काढायला लागणारा वेळ त्यातूनच मिळतो.

नेम_आणि_नळी:
स्लाइड_मागे यांचा फुगवट्याचा मुद्दा मान्य. द्राक्षबाग, तुम्ही शर्ट बाहेर सोडत असाल तर रिव्हॉल्वर कमरेच्या उजव्या बाजूला थोडं मागे, हाडाच्या मागच्या खोलगट जागी बसतं, तिथे चक्र कमी टोचतं. दीड इंच रुंद, जाड पट्टा घ्या, साध्या पट्ट्यावर सातशे ग्रॅम लोंबकळतं.

रिकामी केस काढताना नळी आकाशाकडे करून एकदाच जोरात काढा. नळी खाली असताना हळू काढली तर एखादी केस चांदणीखाली (केसा बाहेर ढकलणाऱ्या चकतीखाली) सरकते आणि चक्र बंदच होत नाही. हे रेंजवर प्रशिक्षकासमोर रिकाम्या केसवर करून घ्या. नाण्याच्या चाचणीत दोन्ही हत्यारांना किती वेळा नाणं टिकलं ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.